उच्च शिक्षणासाठी कर्ज : सही करण्यापूर्वी घरात मांडावयाचा हिशेब

बारावीचे आणि प्रवेशपरीक्षांचे निकाल लागले की घराघरांतून एकाच वेळी दोन सूर ऐकू येतात. दिवसा अभिनंदनाचे दूरध्वनी, पेढे आणि शेजाऱ्यांची ये-जा असते. रात्री जेवणे आटोपली की आई-बाबा हलक्या आवाजात बोलू लागतात. फी किती, वसतिगृहाचा खर्च किती आणि हा सारा पैसा उभा कोठून करावयाचा? ज्याच्या शिक्षणासाठी ही चर्चा चाललेली असते, तो मुलगा अथवा ती मुलगी शेजारच्या खोलीत जागीच असते; परंतु तिला या चर्चेत सहसा कोणी बसवीत नाही. पुढे बँकेत मात्र कर्जदार म्हणून पहिली सही तिचीच होते.

शैक्षणिक कर्ज म्हणजे नेमके काय, त्याचे व्याज कसे वाढते, कोणत्या सवलती मिळू शकतात आणि कुटुंबाने आपला आधार कसा द्यावा, याची माहिती आपल्या धर्मग्रामांतील पालकांना व विद्यार्थ्यांना व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वीची वाट आणि आजची गरज

एका पिढीपूर्वी आपल्याकडे शिक्षणाचा खर्च बहुधा नात्यागोत्यांतून भागत असे. कोणाच्या आईने बांगड्या मोडल्या, कोणाच्या थोरल्या भावाने स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरली, तर कोणाच्या आखातात गेलेल्या काकांनी दर महिन्याला पैसे धाडले. वसईत १९१८ साली मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने बॅसिन कॅथॉलिक सहकारी बँकेची सुरुवात झाली, त्यामागेही एकमेकांच्या बचतीतून एकमेकांची गरज भागविण्याचाच सहकारी विचार होता.

आज अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचर्या अथवा व्यवस्थापन अशा अभ्यासक्रमांचा खर्च एकट्या कुटुंबाच्या बचतीतून भागणे अनेकांना शक्य होत नाही. ही गरज ओळखून भारतीय बँक संघाने २००१ साली शैक्षणिक कर्जाची एक नमुना योजना तयार केली आणि पुढे वेळोवेळी तिच्यात सुधारणा केल्या. बहुतेक सरकारी बँकांची शैक्षणिक कर्जे याच नमुन्यावर बेतलेली आहेत.

योजनेची मूळ चौकट

या नमुना योजनेनुसार चार लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण अथवा त्रयस्थ जामीनदार लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असले की पुरते. चार लाखांहून अधिक व साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास जामीनदार आणि त्यापुढील कर्जास तारण मागितले जाते. मात्र २०१५ साली केंद्र सरकारने शैक्षणिक कर्जांसाठी हमी निधी सुरू केला. त्याच्या छत्राखाली साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज तारणाविना व जामीनदाराविना देता येते. बँकेत गेल्यावर आपले कर्ज या हमीखाली येते का, हे आवर्जून विचारावे.

चार लाखांपर्यंत सर्व खर्च कर्जातून भागविता येतो. त्यापुढे देशातील शिक्षणासाठी पाच टक्के व परदेशातील शिक्षणासाठी पंधरा टक्के वाटा कुटुंबाने उचलावयाचा असतो. मिळालेली शिष्यवृत्तीही या वाट्यात धरली जाते. शिक्षण शुल्काखेरीज परीक्षा शुल्क, वसतिगृह, पुस्तके आणि संगणक यांचाही खर्चात समावेश होऊ शकतो.

शिक्षण चालू असताना आणि ते संपल्यानंतर एक वर्षपर्यंत हप्ता सुरू होत नाही. या काळाला बँकेत मोरॅटोरियम म्हणतात. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत परतफेड करता येते. येथेच अनेक कुटुंबांची गफलत होते. हप्ता सुरू झाला नाही म्हणजे व्याजही सुरू झाले नाही, असा समज करून घेतला जातो. वास्तविक बँकेने पहिली रक्कम महाविद्यालयाकडे पाठविली त्या दिवसापासून व्याज चालू होते.

एक साधा हिशेब

समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी सहा लाख रुपयांचे कर्ज घेतले. दर वर्षाच्या आरंभी दीड लाख रुपये महाविद्यालयाकडे जातात आणि व्याजाचा दर दहा टक्के आहे. (प्रत्यक्ष दर बँकेगणिक वेगळा असतो, हिशेबाच्या सोयीसाठी येथे दहा टक्के धरला आहे.) मोरॅटोरियमच्या काळात सरळव्याज लागते. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचे ७५ हजार, दुसऱ्यावर चार वर्षांचे ६० हजार, तिसऱ्यावर ४५ हजार आणि चौथ्यावर ३० हजार, असे एकूण २ लाख १० हजार रुपये व्याज पहिला हप्ता देण्यापूर्वीच साठते. ते मुद्दलात मिळविले जाते. म्हणजे मुलगी नोकरीला लागते तेव्हा तिच्यापुढे सहा लाखांचे नव्हे, तर ८ लाख १० हजारांचे कर्ज उभे असते.

दहा वर्षांत फेडावयाचे तर हप्ता महिन्याला सुमारे १०,७०० रुपये पडतो. पंधरा वर्षे घेतली तर तो सुमारे ८,७०० रुपयांवर येतो. परंतु एकूण परतफेड पहिल्या मार्गाने १२ लाख ८४ हजारांच्या आसपास होते, तर दुसऱ्या मार्गाने १५ लाख ६६ हजारांच्या पुढे जाते. महिन्याचे दोन हजार रुपये वाचविण्याची किंमत पावणेतीन लाखांहून अधिक आहे.

आता दुसरी बाजू पाहू. आई-बाबांनी शिक्षणाच्या काळात केवळ व्याज भरत राहावयाचे ठरविले, तर पहिल्या वर्षी महिन्याला १,२५० रुपये, दुसऱ्या वर्षी २,५००, तिसऱ्या वर्षी ३,७५० आणि त्यानंतर ५,००० रुपये भरावे लागतात. मग हप्ता सहा लाखांवरच बसतो, म्हणजे दहा वर्षांसाठी महिन्याला सुमारे ७,९०० रुपये. भरलेले व्याज धरूनही एकूण सुमारे १ लाख २३ हजार रुपये वाचतात. याखेरीज, शिक्षणकाळात नियमित व्याज भरणाऱ्यांना बँक दरात एक टक्क्यापर्यंत सूट देऊ शकते, अशी नमुना योजनेत तरतूद आहे. कुटुंबाचा आधार म्हणजे सारी फी एकरकमी भरणे, एवढाच त्याचा अर्थ नाही. महिन्याला बाराशे रुपयांपासून सुरू होणारा आधारही मोलाचा आहे.

सवलती : कोणास व किती

व्याजाचा हा भार काहींच्या बाबतीत सरकार उचलते. केंद्राच्या २००९ पासूनच्या व्याज अनुदान योजनेखाली ज्यांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आहे, अशा विद्यार्थ्यांचे मोरॅटोरियमच्या काळातील व्याज माफ होते. वरील उदाहरणातील २ लाख १० हजार रुपये अशा कुटुंबाला द्यावे लागणार नाहीत. हा लाभ देशातील मान्यताप्राप्त संस्थांमधील व्यावसायिक व तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी आणि एकदाच, म्हणजे पदवी अथवा पदव्युत्तर शिक्षण यांपैकी एकासाठीच मिळतो. अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास तो मिळत नाही. नमुना योजनेखाली घेतलेल्या कर्जासच ही सवलत लागू असल्याने कोणत्याही बँकेत अर्ज करण्यापूर्वी ती त्या कर्जास लागू होते का, याची खात्री करून घ्यावी.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक दर्जेदार शिक्षणसंस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळविणाऱ्यांना तीखाली तारण व जामीनदार यांच्याविना कर्ज मिळू शकते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियमच्या काळात व्याजात तीन टक्क्यांची सूट आहे. मात्र दर वर्षी एक लाख विद्यार्थ्यांनाच ती मिळणार आहे.

ख्रिस्ती समाज अधिसूचित अल्पसंख्याक असल्यामुळे आणखी एक दार उघडे आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाकडून अल्प व्याजाने शैक्षणिक कर्ज मिळू शकते. महाराष्ट्रात यासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी. याउलट, परदेशी शिक्षणासाठी अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना व्याज अनुदान देणारी ‘पढो परदेश’ ही योजना २०२२-२३ पासून बंद झालेली आहे. जुन्या माहितीवर विसंबून कोणी आपला हिशेब मांडू नये.

कर्जापूर्वी शिष्यवृत्तीचा विचार व्हावा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसह राज्याच्या अनेक योजनांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरता येतात. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला निकालानंतर काढावयास गेले की मुदत हुकते. म्हणून ते बारावीच्या वर्षातच तयार ठेवावेत.

तारण आणि सही

परदेशी शिक्षणाचे कर्ज मोठे असते आणि तेथे तारणाचा प्रश्न येतो. आपल्याकडे पुष्कळ घरांजवळ पैसा नसला तरी वाडी असते. परंतु शेतजमीन अनेक बँका तारण म्हणून घेत नाहीत, कारण २००२ च्या सरफेसी कायद्याखालील जप्तीची कारवाई शेतजमिनीवर करता येत नाही. मग राहते घर तारण ठेवण्याचा अथवा वाडीचा तुकडा विकण्याचा विचार पुढे येतो. सातबाऱ्यावर किंवा घराच्या कागदांवर भावंडांची नावे असतील तर त्यांची संमती व सही लागते. ज्या आत्याने अथवा काकांनी विश्वासाने सही केली, त्यांना कर्जाची रक्कम, मुदत आणि न फिटल्यास होणारा परिणाम स्पष्ट सांगणे हे आपले कर्तव्य आहे.

सहकर्जदार म्हणून सही करणारे आई-वडील केवळ साक्षीदार नसतात. हप्ते थकले तर बँक त्यांच्याकडेही वसुलीस येते आणि पतनोंदीवर मुलासोबत त्यांचाही डाग लागतो. वडिलांच्या निवृत्तीस किती वर्षे उरली आहेत, घरावर दुसरे कर्ज आहे का आणि धाकट्या भावंडांचे शिक्षण केव्हा सुरू होणार, हे तीन प्रश्न सहीपूर्वी विचारले जावेत. कर्जासोबत मुलाच्या जीविताचा विमा असणेही शहाणपणाचे आहे.

अर्ज नाकारला गेल्यास निराश न होता कारण लेखी मागावे आणि वरिष्ठ अधिकाऱ्याकडे दाद मागावी. चल व्याजदराचे कर्ज व्यक्तीने मुदतीपूर्वी फेडल्यास बँक दंड आकारू शकत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची आयकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते; नव्या प्रणालीत ती नाही.

घरातील आधार

कर्ज घेणे हा कमीपणा नव्हे. शिक्षणासाठी घेतलेले कर्ज आयुष्य घडविते, याची उदाहरणे प्रत्येक धर्मग्रामात सापडतील. परंतु न बोलता घेतलेले कर्ज घरात गैरसमज पेरते. ‘तू फक्त अभ्यास कर, पैशाचे आम्ही पाहू,’ हे वाक्य मायेपोटी उच्चारले जाते. पण पाच वर्षांनी पहिल्या पगारातून दहा हजारांचा हप्ता कापला गेला की त्याच मुलाला आपण फसविले गेलो असे वाटते. उलट, आरंभीच सारे आकडे समोर ठेवले तर तोच मुलगा अभ्यासक्रम अधिक विचाराने निवडतो आणि वसतिगृहात पैसे जपून खर्च करतो. कधी तो स्वतःहूनच घराजवळच्या महाविद्यालयाचा पर्याय सुचवितो.

मुलगा आणि मुलगी यांच्यात येथे भेद होऊ नये. मुलाच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवणारे पालक मुलीच्या वेळी ‘लग्नाचा खर्च आहे’ असे म्हणतात, तेव्हा तिच्या पायाखालची जमीन आपणच काढून घेत असतो.

आजी-आजोबा, काका-आत्या किंवा धर्ममाता-धर्मपिता यांना मदत करावयाची असेल, तर वाढदिवसाच्या भेटीऐवजी एखाद्या महिन्याचे व्याज भरावे. ही मदत उसनी आहे की भेट, हे मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट व्हावे. कितीतरी नाती या एका गोष्टीवरून दुरावली आहेत.

वाचकहो, या वर्षी आपल्या घरी प्रवेशाचे पत्र आले असेल, तर एक रात्र निवडावी. दूरदर्शन संच बंद करावा, जेवणाच्या टेबलावर वही उघडावी आणि ज्याच्या नावावर कर्ज होणार आहे त्याला शेजारी बसवून खर्च, बचत, शिष्यवृत्ती आणि उरलेली तूट हे चार आकडे त्याच्याच हाताने लिहून घ्यावेत. कर्ज घ्यावयाचे ते त्या शेवटच्या आकड्याएवढेच. बँकेतील सही त्यानंतर करावी.