इंटरनेटवर सापडलेला फोटो कोणाचा?
शेपर्ड फेअरी या अमेरिकी चित्रकाराचे २००८ मधले बराक ओबामांचे ‘होप’ पोस्टर जगभर पोहोचले. त्यामागचा फोटो त्याला इंटरनेटवर मिळाला होता. मॅनी गार्सिया यांनी तो २००६ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी टिपला होता. संस्थेने मोबदला मागितला. फेअरीने ‘फेअर यूज’चा, म्हणजे परवानगीविना केलेल्या रास्त वापराचा दावा केला. त्याने वेगळाच फोटो वापरल्याचे खोटे सांगितले, पुरावे नष्ट केले आणि त्याबद्दल त्याला २०१२ मध्ये शिक्षाही झाली. कॉपीराइटचा वाद मात्र २०११ मध्येच तडजोडीने मिटला होता. त्यामुळे असा वापर रास्त ठरतो का, याचा निकाल लागलाच नाही.

थोडा उजेड २०२३ मध्ये पडला. लिन गोल्डस्मिथ यांनी काढलेल्या गायक प्रिन्सच्या फोटोवरून चित्रकार अँडी वॉरहॉलने केलेले चित्र एका मासिकाला पैसे घेऊन दिले गेले होते. मूळ फोटोचाही उपयोग तोच, म्हणून हा रास्त वापर नव्हे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. नुसती शैली बदलणे पुरत नाही.

भारतात फोटोवरचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. श्रेय देणे सभ्यपणाचेच, पण ते परवानगीची जागा घेत नाही.