ट्रेलरवर साठवलेल्या फायबरग्लासच्या शिडाच्या नौकेतील कवच-विरूपण : कारणे आणि परीक्षण

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काचतंतू आणि पॉलिएस्टर राळ यांच्या संयोगातून नौका बांधण्याचे तंत्र आकारास आले. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील टोलेडो येथे रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये बांधलेली लहान नौका ही या पद्धतीच्या आरंभीच्या नौकांपैकी एक मानली जाते. पुढील तीन दशकांत फायबरग्लासने लाकडाला मागे सारले. साच्यातून एकामागून एक निघणारी, मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडणारी आणि मोटारीमागे ट्रेलरवरून तलावापर्यंत ओढून नेता येणारी शिडाची नौका हा अमेरिकन सुटीचा परिचित भाग बनला. फ्रँक बटलर यांनी आराखडा केलेली 'कॅटालिना २२' हे या वर्गाचे ठळक उदाहरण होय. सुमारे साडेसहा मीटर लांबीच्या या नौकेची रुंदी अडीच मीटरपेक्षा कमी ठेवलेली आहे, कारण महामार्गावरून ती विशेष परवान्याशिवाय नेता यावी हीच मूळ कल्पना होती. १९७० च्या आसपास सुरू झालेल्या उत्पादनात अशा १५,००० हून अधिक नौका तयार झाल्या.

फायबरग्लास कुजत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही. त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या नौका आजही हातोहात विकल्या जातात. मात्र या नौकांचे आयुष्य प्रामुख्याने जमिनीवर गेलेले असते. वर्षातील काही आठवडे पाण्यात आणि उरलेला काळ अंगणातल्या ट्रेलरवर, असा त्यांचा क्रम असतो. मालकाचा उत्साह ओसरला की पाच-दहा वर्षे नौका जागची हलत नाही. मग ती विकत घेण्यासाठी आलेला माणूस खाली वाकून पाहतो, तेव्हा ट्रेलरच्या आधारपट्टीच्या जागी कवच आत दबलेले त्याला आढळते. हा खोलगटपणा नौका नाकारण्यास पुरेसा आहे काय, या प्रश्नाची दोन तयार उत्तरे प्रचलित आहेत. विक्रेता म्हणतो, पाण्यात टाकली की आपोआप भरून येईल. सावध सल्लागार म्हणतो, अशा नौकेच्या वाटेला जाऊ नये. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या खळग्यांमागे तीन वेगवेगळ्या अवस्था असू शकतात.

आधाराचे गणित

पाण्यावर तरंगणाऱ्या नौकेला पाणी सर्व तळभर उचलून धरते. एक टन वजनाच्या नौकेचा पाण्यातील आडवा विस्तार नऊ चौरस मीटर धरला, तर दर चौरस मीटरवर सरासरी सुमारे ११० किलोग्रॅम भार येतो. तीच नौका ३० सेंमी लांब व १५ सेंमी रुंद अशा चार गाद्यांवर टेकवली, तर आधाराचे एकूण क्षेत्र जेमतेम ०.१८ चौरस मीटर भरते आणि भार दर चौरस मीटरला साडेपाच हजार किलोग्रॅमवर, म्हणजे पन्नासपट जातो. अडीच मीटर लांब व १० सेंमी रुंद अशा दोन लाकडी पट्ट्या वापरल्या तरी तो सुमारे अठरापट असतो, आणि तोही पट्टी कवचाला सर्वत्र सारखी टेकली असेल तरच. प्रत्यक्षात नौकेचा तळ वक्र आणि पट्टी सरळ असल्याने भार पट्टीच्या टोकांशी किंवा मधल्या एखाद्या वीतभर भागातच एकवटतो.

वस्तुतः ट्रेलरवरील नौकेचे वजन तिच्या कण्याने पेलावयाचे असते; बाजूच्या पट्ट्या तोल सांभाळण्यापुरत्या असतात. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यापूर्वी होड्या वर ओढून शाकारण्याची जुनी रीत याच तत्त्वावर चालते. होडी आपल्या कण्यावर, म्हणजे पठाणावर, ओंडक्यांवर बसते, कुशीला दिलेले टेकू तिला फक्त कलंडू देत नाहीत, आणि वरचे झावळ्यांचे छप्पर पावसाचे पाणी आत साठू देत नाही. लाकडी होडीत वजन कण्याकडून फासळ्यांकडे जाते. फायबरग्लासच्या नौकेत फासळ्यांचा सांगाडा बहुधा नसतो. तिचे कवच हीच तिची रचना असते, आणि त्याला आतून ताठरपणा देतात त्या केबिनच्या आडभिंती, झोपण्याच्या फळ्या आणि तळाशी चिकटवलेले कप्पे. आधाराची गादी आडभिंतीच्या बरोबर खाली आली तर ती वर्षानुवर्षे निर्धोक राहते. दोन आडभिंतींच्या मधोमध आली तर तेथील कवच एखाद्या पातळ पत्र्यासारखे वाकते.

कॅटालिना २२ च्या सरकत्या कण्याच्या आवृत्तीत हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तिच्या एक टनाच्या वजनापैकी सुमारे २५० किलोग्रॅम वजन बिडाच्या, वर उचलता येणाऱ्या कण्याचे असते. साठवणुकीत हा कणा खाली सोडून ट्रेलरच्या मधल्या आधारावर टेकवला, तर एक चतुर्थांश भार कवचावरून उतरतो. तो विंचच्या तारेवर टांगून ठेवला, तर तोच भार कवचामार्गे बाजूच्या पट्ट्यांवर जातो.

यात पावसाच्या पाण्याची भर पडते. केबिनचा तळ तीन चौरस मीटरचा धरला आणि त्यात २० सेंमी पाणी साठले, तर ६०० किलोग्रॅम वजन वाढते, म्हणजे नौकेच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक. ताडपत्री फाटलेली, सांडपाण्याचे छिद्र पानांनी तुंबलेले आणि ट्रेलर पुढच्या बाजूस झुकलेला, ही स्थिती दुर्लक्षित नौकांत अपवादात्मक नाही. ट्रेलरला नौका घट्ट आवळणारे पट्टे प्रवासानंतर सैल न करण्याची सवयही याच दिशेने अपाय करते.

पदार्थाचे वर्तन

काचतंतूंच्या तुकड्यांच्या चटईपासून बनविलेल्या फायबरग्लासचा स्थितिस्थापकता गुणांक पोलादाच्या सुमारे तिसाव्या हिश्शाइतका असतो. त्यामुळे ताठरपणा जाडीतून मिळवावा लागतो. जाडी दुप्पट केली तर वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. उलट, खर्च वा वजन वाचविण्यासाठी जाडी पाचव्या हिश्शाने घटविली तर तो जवळपास निम्मा होतो. बहुतेक कवचे भाराखाली थोडी वाकतातच. भार काढताच ती पूर्ववत होत असतील तर ते स्थितिस्थापक विरूपण होय, आणि तो दोष मानण्याचे कारण नाही.

दुसरी अवस्था काळाशी निगडित आहे. काचतंतू जवळजवळ पूर्णतः स्थितिस्थापक असतात, पण त्यांना धरून ठेवणारी राळ श्यानस्थितिस्थापक असते. स्थिर भाराखाली ती अतिशय मंद गतीने सरकत राहते. यालाच विसर्पण म्हणतात. विसर्पणाचा वेग तापमानाबरोबर वाढतो. नौकांसाठी सर्रास वापरली जाणारी पॉलिएस्टर राळ साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान लक्षणीय मऊ पडू लागते, आणि गडद रंगाच्या कवचाचा पृष्ठभाग कडक उन्हात या मर्यादेच्या जवळ पोहोचू शकतो. गडद निळी नौका दिसते देखणी. साठवणुकीच्या दृष्टीने पांढरी शहाणी. बांधणीच्या वेळी राळ पुरेशी कठीण झाली नसेल, किंवा तंतूंच्या मानाने राळेचे प्रमाण अधिक असेल, तर विसर्पण आणखी वाढते. भार उतरवल्यावर या विरूपणाचा काही भाग तत्काळ, काही भाग दिवसांच्या वा आठवड्यांच्या अवधीत परत येतो आणि थोडा कायमचा राहतो. 'पाण्यात टाकली की भरून येईल' या विधानात जे तथ्य आहे, ते एवढेच.

तिसरी अवस्था प्रत्यक्ष मोडतोडीची आहे. वाकण्याची मर्यादा ओलांडली की राळेत सूक्ष्म भेगा पडतात, थर एकमेकांपासून सुटतात, आडभिंत कवचाला जोडणाऱ्या पट्ट्या उखडतात. बाहेरील व आतील पातळ थरांमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा असलेल्या नौकांत, उदाहरणार्थ १९७० च्या दशकात आलेल्या जे/२४ मध्ये, एकवटलेल्या भाराने गाभा चिरडण्याचा किंवा त्याची चिकट सुटण्याचा धोका असतो. एकदा दोन थरांमधील दुवा तुटला की त्या भागाचा ताठरपणा कोसळतो, आणि भेगेतून शिरलेले पाणी बाल्सा कुजवते. फायबरग्लास कुजत नाही हे खरे, पण त्याच्या पोटातले लाकूड कुजते. थंड प्रदेशात साठलेले पाणी गोठून सुमारे नऊ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि सुटलेले थर अधिक दूर ढकलते.

अवस्था ओळखण्याची रीत

नौका आधारावर असताना या तीन अवस्थांमधील फरक खात्रीने सांगता येत नाही. परीक्षणाचा खरा आरंभ नौका पट्ट्यांवरून उचलल्यावर होतो. तत्पूर्वी खळग्याची कड खडूने आखून घ्यावी, लवचीक पट्टी कवचावर टेकवून खोली मोजावी, आणि शक्य तेथे आतून त्याच जागेची पाहणी करावी. उचलल्यावर लगेच, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानंतर तेच माप पुन्हा घ्यावे. आठ मिलिमीटरचा खळगा उचलताच तीनवर आला आणि आठवड्यात दीडवर उतरला, तर पदार्थ आपल्या स्वभावानुसार वागत आहे. तो आठवरच अडून राहिला, तर कारण अन्यत्र शोधावे लागते.

दोन्ही कुशींची तुलना फार बोलकी ठरते. आधाराने झालेले खळगे बहुधा जोडीने, समोरासमोर आणि पट्टीच्या मापाचे असतात. एकाच बाजूचा खळगा ट्रेलरची चौकट पिळवटल्याचे, एक टायर दीर्घकाळ बसल्याचे किंवा कवचाला पूर्वी धडक बसल्याचे सुचवतो. खळग्याच्या कडेने जेलकोटमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा असतील, प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी भद्द आवाज येत असेल, आतील आडभिंतीच्या जोडावर पांढरट रेषा दिसत असेल, तर मोडतोड झाल्याचा संशय बळावतो. केबिनमधील कपाटाचे दार पूर्वी सहज लागत असून आता अडकत असेल, तर ती खूणही दुर्लक्षू नये; कवच आडभिंतीला वर ढकलते तेव्हा दाराची चौकट सर्वांत आधी तिरकी होते.

दुरुस्ती आणि तिच्या मर्यादा

बाहेरून लांबी भरून खळगा सपाट करणे हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे. त्याने रूप सुधारते, ताठरपणा तसूभरही वाढत नाही, आणि पुढील ग्राहकाला मूळ खूण दिसेनाशी होते. ज्योतीने कवच तापवून खळगा बाहेर काढण्याचा प्रयत्न राळ जाळण्याची शक्यता अधिक. योग्य क्रम असा की प्रथम आधार आडभिंतींच्या रेषेत आणावेत आणि मुख्य भार कण्यावर घ्यावा. मग उबदार ऋतूत काही आठवडे कवचाला मोकळे राहू द्यावे. तरीही उरलेला भाग आतून टेकूने हळूहळू मूळ आकारात आणून त्या स्थितीत लांबीच्या दिशेने फोमवर मढविलेल्या फासळ्या बसवाव्यात. जुनी पॉलिएस्टर राळ पूर्ण कठीण झालेली असल्याने नवा थर तिच्याशी रासायनिक रीतीने एकजीव होत नाही. पृष्ठभाग घासून घेऊन केवळ चिकटीवर विसंबावे लागते. म्हणून अशा कामात अधिक चांगली पकड देणारी इपॉक्सी राळ पसंत केली जाते.

वेगावरील परिणामाची चिंता मात्र प्रमाणाबाहेर केली जाते. कुटुंबाच्या सहलीच्या नौकेत काही मिलिमीटरच्या खळग्याने पडणारा फरक तळावरील शेवाळाने पडणाऱ्या फरकापेक्षा कमी असतो. शर्यतीच्या नौकेची गोष्ट निराळी. तेथे मागील तळाची सलग रेषा बिघडली तर खेळाडूला ते जाणवते, आणि नौकेची किंमतही त्यानुसार उतरते. वेगवान मोटारनौकांत याच जागेचा अंतर्वक्र बाक नौकेचे नाक पाण्यात दाबतो. शिडाच्या संथ नौकेत तो धोका जवळपास नाही.

व्यवहाराच्या वेळी आठवडाभर नौका मोकळी ठेवण्यास विक्रेते क्वचितच तयार होतात. अशा वेळी क्रेनच्या पट्ट्यांत दोन तास टांगलेल्या नौकेवर घेतलेली दोन मापे आणि आडभिंतीच्या जोडांवर टाकलेला विजेरीचा प्रकाश यांवरच निर्णय घ्यावा लागतो. या दोहोंपैकी जोडांची पाहणी अधिक विश्वासार्ह ठरते : जोड अखंड असून खोली थोडी जरी घटली असेल तर आधार बदलून नौका वापरता येते, जोड सुटलेले असतील तर खळगा कितीही उथळ असला तरी नौकेच्या किमतीतून आडभिंती नव्याने बसविण्याचा खर्च वजा करूनच बोलणे सुरू करावे लागते.