ब्रह्मपुरीत वीज जाते तेव्हा

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची स्थापित क्षमता २९२० मेगावॅट असूनही त्याच जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तालुक्यात वळवाचा पहिला शिडकावा होताच गावेच्या गावे अंधारात जातात, याचे अनेकांना नवल वाटते. वस्तुतः केंद्रातील वीज गावाला थेट मिळत नसते. ती पारेषणाच्या जाळ्यात मिसळते, उपकेंद्रांमध्ये तिचा दाब टप्प्याटप्प्याने उतरवला जातो आणि अखेर ११ हजार व्होल्टच्या वाहिनीवरून, म्हणजे 'फीडर'वरून, ती गावच्या रोहित्राशी, लोकांच्या भाषेत 'डीपी'शी, येऊन पोहोचते. संपूर्ण जाळे कोसळण्याचे प्रसंग विरळाच. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत वीजहीन झाला, तेव्हाही पश्चिम विभागाचे जाळे टिकून राहिले होते. ब्रह्मपुरीकरांची वीज बहुधा जाते ती धानाच्या बांध्यांवरून आणि जंगलाच्या कडेने जाणाऱ्या या शेवटच्या तारेवर.

खांब आणि तार यांच्यामध्ये चिनी मातीचे रोधक, म्हणजे इन्सुलेटर, बसवलेले असतात व त्यांच्यामुळे प्रवाह खांबात उतरत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या या भागात ते दिवसभर तापतात, त्यावर अचानक पावसाचे थेंब पडले की त्यांना तडे जातात आणि प्रवाह लोखंडी खांबावाटे जमिनीत वाहू लागतो. अशा वेळी उपकेंद्रातील ब्रेकर क्षणार्धात वाहिनी तोडतो. म्हणजे वीज जाणे हा बहुतेकदा संरक्षक यंत्रणेने आपले काम केल्याचा पुरावा असतो. त्यानंतर वाहिनी पुन्हा चालू करून पाहिली जाते. तारेला फांदी घासली एवढेच घडले असेल तर वीज टिकते, परंतु रोधक फुटला किंवा तार तुटली असेल तर ब्रेकर पुन्हा पडतो आणि लाईनमनला खांबामागून खांब तपासत जावे लागते. तडा बारीक असल्यास तो जमिनीवरून दिसतही नाही. म्हणून काही मिनिटांत न आलेली वीज तासाभरात येईलच, असे गृहीत धरण्यात अर्थ नाही.

शेजारी दिवा जळत असेल तर दोष घरच्या एमसीबीत किंवा जोडणीत असण्याची शक्यता अधिक. गल्ली अंधारात असेल तर १९१२ या क्रमांकावर महावितरणकडे तक्रार नोंदवावी, आणि डीपीची पेटी उघडून स्वतः फ्यूज घालण्याचा उद्योग कोणीही करू नये. तुटून पडलेली तार निर्जीव दिसली तरी, वर सांगितल्याप्रमाणे वाहिनी चालू करून पाहिली जात असल्यामुळे, ती कोणत्याही क्षणी जिवंत होऊ शकते. विदर्भात कूलरचाही असाच धोका असतो: वीज नाही म्हणून बटण व पिन तशीच ठेवून टाकीत पाणी भरले जाते आणि नेमकी तेव्हाच वीज येते. पाणी भरण्यापूर्वी पिन काढावी, हा नियम अंधारातही तितकाच लागू आहे.

जनरेटर घराच्या वायरिंगला चेंजओव्हर स्विचशिवाय जोडल्यास त्याची वीज उलट डीपीत शिरते, तेथे तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो आणि बंद समजून तारेवर काम करणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. फ्रीज न उघडता ठेवल्यास अन्न साधारण चार तास टिकते. ऑक्सिजन यंत्रावर अवलंबून असलेल्या रुग्णासाठी पर्यायी सोय मात्र आधीच ठरलेली असावी. मोटार का बंद पडली हे पाहण्यासाठी रात्री एकट्याने शेतात जाणे ब्रह्मपुरी वनविभागाच्या हद्दीत, जेथे वाघ आणि माणूस एकाच पांदणीने वावरतात, पिकापेक्षा महाग पडू शकते.

पुराची गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणातील विसर्गाने वैनगंगा फुगली आणि लाडजसारखी नदीकाठची गावे पाण्याने वेढली गेली. तारा, डीपी किंवा घरातील बोर्ड पाण्यात जाण्याची शक्यता असताना पुरवठा मुद्दाम बंद ठेवावा लागतो आणि पाणी ओसरल्यावरही उपकरणे वाळवून तपासल्याशिवाय तो सुरू करणे घातक ठरते.

वीज परतण्याचा क्षणही नाजूक असतो, कारण थांबलेले कूलर, फ्रीज आणि कृषिपंप एकाच वेळी सुरू होऊ पाहतात व मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. पंपांना ऑटोस्विच लावलेले असल्यास हा भार डीपीवर एकदम कोसळतो, फ्यूज पुन्हा उडतो, प्रसंगी डीपीच जळतो, आणि मग दोष महावितरणच्या माथी मारला जातो. ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसवा, असे महावितरण शेतकऱ्यांना वारंवार सांगते ते यासाठीच. घरातही एक दिवा चालू ठेवून बाकीची बटणे बंद करावीत आणि दाब स्थिरावल्यावर उपकरणे एकेक करून लावावीत. दुरुस्ती ठरलेल्या मुदतीत न झाल्यास वीज कायदा २००३ च्या कलम ५७ नुसार ग्राहकाला भरपाई मागता येते. त्यासाठी तक्रारीचा नोंदणी क्रमांक व वेळ लिहून ठेवलेली असणे गरजेचे आहे, कारण लाईनमनला केलेल्या फोनची कोठेही नोंद राहत नाही.