जिल्हा खनिज प्रतिष्ठान : पैसा कुणाचा, कारभार कुणाचा?



खाण चालू असो वा बंद, मोठा पाऊस झाला की डोंगरावरच्या ढिगाऱ्याची तांबडी माती ओहळातून खाली येते व भातशेतीत बसते. विहिरींचे पाणी खोल जाते, कुळागराचा झरा आटतो, ट्रकांच्या धुळीने मुलांचा खोकला हटत नाही. गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा ह्या तालुक्यांतील वाचकांना हे नव्याने सांगावयास नको. बेळगावकडे दगडखाणींच्या शेजारी शेती करणाऱ्यांनाही ते ठाऊक आहे. प्रश्न असा की, ही हानी भरून काढण्यासाठी पैसा कोठून यावा आणि तो कोणी खर्च करावा?

पुष्कळांना वाटते की हे काम चौकशी आयोगाचे. पण आयोगाचे काम वेगळे असते. बेकायदा खाणींच्या चौकशीसाठी केंद्राने २०१० मध्ये न्यायमूर्ती शहा आयोग नेमला. त्याचा गोव्याविषयीचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला आणि त्याच महिन्यात गोव्यातील खाणी थांबवण्यात आल्या. अहवाल दिला की आयोगाचे काम संपते. गावची विहीर दुरुस्त करणे आयोगाच्या हाती नसते. त्यासाठी कायमची संस्था लागते, आणि ती संस्था म्हणजे जिल्हा खनिज प्रतिष्ठान.

प्रतिष्ठान कसे स्थापन होते?

खाणी व खनिजांचा केंद्रीय कायदा १९५७ चा आहे. २०१५ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन कलम ९ब घातले गेले. ज्या जिल्ह्यात खाणकामाची झळ बसते, तेथे राज्य सरकारने अधिसूचना काढून असा न्यास स्थापावा, असे हे कलम सांगते. हा न्यास नफ्यासाठी नाही. खाणीमुळे बाधित झालेली माणसे आणि प्रदेश ह्यांच्या हितासाठी काम करणे, एवढाच त्याचा हेतू कायद्यात लिहिला आहे.

पैसा कोठून येतो?

खाणमालक सरकारला रॉयल्टी भरतो. तिच्याशिवाय आणखी एक रक्कम त्याने प्रतिष्ठानला द्यावयाची असते. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांवर ती रॉयल्टीच्या ३० टक्के, तर त्यानंतरच्या पट्ट्यांवर १० टक्के आहे.

हिशेब करून पाहू. समजा, लोहखनिजाचा सरासरी भाव टनाला २००० रुपये आहे. १५ टक्के दराने रॉयल्टी ३०० रुपये झाली. जुन्या पट्ट्यावर प्रतिष्ठानला टनामागे ९० रुपये मिळतील, नव्यावर ३० रुपये. गोव्यातील ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केले व २०२२ पासून खाणींचे लिलाव सुरू झाले. म्हणून लिलावातल्या खाणींना कमी दर लागू होतो. निधी आटोपशीर असला की तो योग्य जागी लागतो की नाही, हे पाहणे अधिकच गरजेचे.

खडी, चिरे, वाळू ही गौण खनिजे होत. त्यांच्या खाणींकडून प्रतिष्ठानने किती घ्यावे, हे राज्य सरकार ठरवते.

कारभार कोण पाहते?

साधारणपणे दोन मंडळे असतात. नियामक परिषद वर्षाचा आराखडा मंजूर करते व देखरेख ठेवते. व्यवस्थापन समिती आराखडा तयार करून कामे पार पाडते. केंद्राने २०२१ मध्ये ठरवले की दोन्हींचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे राहील, तर खासदार व आमदार नियामक परिषदेवर असतील. बाकीचे सभासद राज्याच्या नियमांनुसार येतात. हा पैसा राज्याच्या तिजोरीत, मुख्यमंत्र्यांच्या मदतनिधीत किंवा दुसऱ्या योजनेकडे वळवू नये, असेही केंद्राने त्याच वर्षी बजावले.

पैसा कशावर खर्च व्हावा?

प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेचे नियम येथे लागू आहेत. २०२४ च्या सुधारणेनुसार निदान ७० टक्के रक्कम पिण्याचे पाणी, प्रदूषण रोखणे, आरोग्य, शिक्षण, स्वच्छता, स्त्रिया, मुले, वृद्ध व अपंग ह्यांचे कल्याण अशा अग्रक्रमाच्या कामांवर लागली पाहिजे. शेती व पशुपालन ह्यांनाही आता ह्या यादीत जागा मिळाली आहे. उरलेली ३० टक्क्यांपर्यंतची रक्कम रस्ते, पाटबंधारे, पाणलोट अशा कामांना वापरता येते. खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा प्रदेश प्रत्यक्ष बाधित, तर २५ किलोमीटरपर्यंतचा अप्रत्यक्ष बाधित समजावा, असेही नियम सांगतात.

बाधित माणूस म्हणजे केवळ सातबाऱ्यावर नाव असलेला नव्हे. जमिनीचा पूर्वापार उपभोग घेणारे, परंपरेने हक्क असणारे हेही त्यात येतात. कुळे, गुरे चारणारे व मजूर ह्यांनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावे.

आपण काय करावे?

१. बाधित गावांच्या व माणसांच्या यादीत आपले नाव आहे की नाही, हे पंचायतीत व जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावे. नसेल तर लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

२. ग्रामसभेत नेमके काम मागावे. "गावाचे भले करा" अशा ठरावाचा उपयोग नाही. कोणत्या ओहळातला गाळ काढावयाचा, किती घरांना नळ हवा, धुळीच्या आजारांची तपासणी कोठे व्हावी, हे लिहावे. आदिवासींच्या अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची मंजुरी सक्तीची आहे. इतरत्र ती सक्ती नसली, तरी ठराव हा आपल्या मागणीचा भक्कम पुरावा असतो.

३. प्रतिष्ठानने दरवर्षी हिशेब तपासून घ्यावयाचा व अहवाल लोकांपुढे ठेवावयाचा असतो. तो मागावा. न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करावा. धर्मग्रामातील शिकलेल्या तरुणांनी ह्या कामी वडीलधाऱ्यांना मदत करावी.

४. प्रतिष्ठानचा निधी गावाच्या कामांसाठी असतो. स्वतःच्या पिकाच्या नुकसानीचा दावा वेगळा करावा लागतो. गाळ दिसताच तारीख घालून फोटो काढावेत, तलाठ्याला व कृषी खात्याला लेखी कळवून पंचनाम्याचा आग्रह धरावा. गाळ उपसल्यानंतर पुरावा राहत नाही.

डोंगरातून गेलेले खनिज परत येत नाही. त्याच्या मोबदल्यात जे थोडे गावाला देणे कायद्याने ठरवले आहे, ते गावाने मागून घेतले पाहिजे. पुढच्या ग्रामसभेची तारीख आजच विचारून ठेवा आणि ठरावाचा कागद लिहूनच तेथे जा.