हळदीची पट्टी घेऊन लोणारला

सहलीला निघताना दप्तर घरी ठेवायचं, हे ठरलेलंच! पण दोस्तांनो, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला जाणार असाल, तर एक वस्तू खिशात जरूर टाका. आदल्या रात्री हळद पाण्यात कालवा, पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांना फासा आणि वाळू द्या. झाली तुमची प्रयोगशाळा तयार!

आधी काठावरून खाली बघा. केवढा थोरला वाटोळा खड्डा! आकाशातून आलेली उल्का बेसॉल्टच्या काळ्या खडकावर आदळली आणि हा खड्डा पडला. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. त्याला ३.१४ ने गुणा बरं. परीघ साडेपाच किलोमीटरच्या वर! वर्गात 'पाय' डोक्यावरून गेला असेल, तर काठाकाठानं फेरी मारताना तो पायांना नक्की कळेल.

हे घडलं कधी? बरीच वर्षं सगळे सांगायचे, सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी. मग आरगॉन वायूच्या मोजणीवरून २०११ मध्ये नवा आकडा आला: सुमारे ५ लाख ७० हजार! घोकलेलं उत्तरसुद्धा असं बदलतं.

आता पट्ट्या काढा. पहिली गोमुखाच्या गोड्या धारेत भिजवा. पिवळीच राहते. दुसरी खाली तळ्याच्या पाण्याला टेकवा. अरेच्चा, लाल झाली की! शर्टावरचा वरणाचा डाग साबण लागताच लाल होतो ना, तेच हे. तळ्याचं पाणी खारट आहे, शिवाय आम्लारीही. झरे, ओहोळ आत येतात, बाहेर वाट नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात.

गावातल्या दैत्यसूदन मंदिराची कथा ऐकलीत? विष्णूनं इथे लवणासुराला मारलं म्हणे. लवण म्हणजे मीठ! कथा रचणाऱ्यानं पाणी चाखलं असणार, असं आपलं मला वाटतं.

जून २०२० मध्ये हे तळं चक्क गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं, तर करामत मिठात राहणाऱ्या सूक्ष्म जिवांची निघाली. पाणी आटून खार वाढला आणि ते फोफावले. उद्या गोडं पाणीच फार मिसळलं, तर या खारट्या मंडळींनी जायचं कुठे?

हे अभयारण्य आहे, तेव्हा पट्ट्या तिथे टाकायच्या नाहीत. घरी आणून वहीत चिकटवा. कोणत्या विषयाच्या वहीत, ते मात्र तुम्हीच ठरवा!