चौकोनी डबा आणि रसायनाचा पाठ

अमेरिकेतील पुष्कळ महाविद्यालयांत साहित्य, इतिहास वा वाणिज्य यांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यासही पदवीसाठी एखादा विज्ञानविषय घ्यावा लागतो. रसायनशास्त्र वाट्यास आले की समीकरणांच्या धास्तीने तो ते घोकतो आणि परीक्षा संपताच विसरतो. अशा वर्गांसाठी तेथील काही अध्यापकांनी लोकप्रिय चित्रपटांचे साहाय्य घेतले आहे. अर्थात चित्रपट दाखविला म्हणजे रसायन शिकविले असे मुळीच होत नाही.

'अपोलो १३' हा १९९५ सालचा चित्रपट पाहा. एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या यानातील प्राणवायूची एक टाकी फुटली, व तिघा अंतराळवीरांना चंद्रावर उतरण्यासाठी जोडलेल्या लहान यानाचा आश्रय करावा लागला. ते यान दोघांपुरते, तेही सुमारे दोन दिवसांच्या वास्तव्याच्या हिशेबाने सिद्ध केलेले होते. प्राणवायू पुरेसा होता. भय होते ते उच्छ्वासातून साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे. तो वायू शोषणारे डबे अपुरे पडू लागले. मुख्य यानात आणखी डबे होते, परंतु ते चौकोनी, आणि लहान यानातील जागा वर्तुळाकार! प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळ्या व चिकटपट्टी यांतून तंत्रज्ञांनी काढलेली तोड प्रेक्षक श्वास रोखून पाहतो.

या प्रसंगाचा सारा भर डब्याच्या आकारावर आहे. डब्याच्या आत काय घडत होते, हे अध्यापकाने पुढे सांगावयाचे असते, आणि खरा पाठ तेथेच सुरू होतो. प्रथम त्याने चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालून दाखवावी. निवळी दुधाळ होते. कारण उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड चुन्याशी संयोग पावून अविद्राव्य कार्बोनेट बनते. यानातील डब्यांत चुन्याऐवजी लिथियम हायड्रॉक्साइड होते. क्रिया त्याच जातीची.

मग चुनाच का नेला नाही? येथे विद्यार्थ्यास आकडेमोड करावीच लागते, परंतु आता ती त्यास जाचत नाही. एक माणूस दिवसाकाठी सुमारे एक किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. या वायूचा रेणुभार ४४. त्याचा एक रेणू बांधण्यास लिथियम हायड्रॉक्साइडचे दोन रेणू, म्हणजे ४८ भार लागतात; विरलेल्या चुन्याचा एकच रेणू पुरतो, पण त्याचा भार ७४; कॉस्टिक सोड्याचे दोन रेणू म्हणजे ८०. एक किलोग्रॅम वायूसाठी अनुक्रमे सुमारे १.०९, १.६८ व १.८२ किलोग्रॅम द्रव्य हवे. पृथ्वीवरून उचलावयाच्या प्रत्येक किलोग्रॅमची किंमत जेथे मोजावी लागते, तेथे लिथियमची निवड का झाली, हे विद्यार्थी आपणच सांगतो. रेणुभार हा कोष्टकातील निर्जीव आकडा नसून त्यावर तिघांचे प्राण अवलंबून होते, हे त्यास उमगलेले असते.

चुकीचे रसायन दाखविणारे चित्रपटही याच कामी येतात. किंबहुना काही वेळा ते अधिक उपयोगी ठरतात. १९९७ च्या 'दान्तेज पीक' मध्ये ज्वालामुखीमुळे आम्लमय झालेले सरोवर धातूची नाव पाहता पाहता खाऊन टाकते. अशी आम्लमय सरोवरे जगात आहेत. जावा बेटावरील कावाह इजेन हे त्यांपैकी एक. पण सरोवर इतक्या अल्पावधीत इतके तीव्र कसे व्हावे? नाव ॲल्युमिनिअमची मानली, तर त्या धातूवरील ऑक्साइडचा पातळ थर आम्लास किती वेळ अडवील? ॲल्युमिनिअमच्या पातेल्यात चिंचेचे सार रात्रभर ठेवू नये, असे आपल्याकडील गृहिणी सांगत आल्या आहेत, ते याच थराच्या मर्यादेमुळे.