युद्धकाळातील रेडिओ आणि प्रायोजक

रेडिओ कार्यक्रमांचा खर्च व्यापाऱ्यांनी उचलण्याची पद्धत अमेरिकेत रुजली, कारण तेथील बहुतेक केंद्रे खासगी होती. दुसऱ्या महायुद्धात तेथील प्रायोजक आपल्या मालाच्या जाहिरातीबरोबर युद्धरोखे घेण्याचे आवाहनही करीत.

भारतात प्रसारण सरकारी होते. उदाहरणार्थ, मराठवाड्यातील देगलूर हे गाव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि तेथील रेडिओ १९३५ पासून संस्थान सरकारच्या ताब्यात होता. त्यामुळे गावातल्या अडत्याला किंवा कापड दुकानदाराला कार्यक्रम प्रायोजित करण्याची वाट नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती जाहीर केली, तीही याच रेडिओवरून.

१९६५ च्या भारत-पाक युद्धातही आकाशवाणीवर व्यापारी जाहिराती नव्हत्या. प्रायोजित कार्यक्रम ऐकू येत ते रेडिओ सिलोनवरून. १९५२ मध्ये सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ टूथपेस्टच्याच नावाने ओळखली जाई. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे आकाशवाणीच्या विविध भारतीची जाहिरात सेवा सुरू झाली. १९७० मध्ये प्रायोजित कार्यक्रमही आले. त्यामुळे डिसेंबर १९७१ चे युद्ध हे आकाशवाणी प्रायोजकांना खुली झाल्यानंतरचे पहिले युद्ध ठरले.